नखाला लागलेली खाच

आमच्या घरी शुक्रवारची दुपार दगडावर फिरणाऱ्या पात्याच्या आवाजाने सुरू होत असे. बाबा मागच्या अंगणात लिंबाखाली पाटावर बसत, दगडावर पाण्याचे चार थेंब टाकत आणि सुरीचे पाते एकाच लयीत पुढे-मागे सरकवत राहत. तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. बाबा मोताळ्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. हुद्द्याने ते डॉक्टर नव्हते, पण आसपासच्या गावांत सगळे त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणत. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघे राहत होतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले यहुदी. मोताळ्यात यहुद्यांचे दुसरे घर नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या काळी सबंध बुलढाणा जिल्ह्यातही नसावे.

एकटे घर असले की धर्म पाळणे सोपे जाते की अवघड, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बघणारे कोणी नसते, म्हणून सोपे. आणि बघणारे कोणी नसते, म्हणूनच अवघड. माझ्या आईने तो सोपेपणा कधी घेतला नाही. मटण-कोंबडीच्या जेवणात दही-दूध चालत नाही म्हणून ती नारळाचे दूध घाले, आणि नारळ मोताळ्यात धड मिळत नसे, तर मुंबईहून येणाऱ्या कोणाच्याही पिशवीत दोन नारळ हमखास असत. धरणाची मासळी दारावर आली की ती आधी खवले बघे. बिनखवल्याचा मांगूर असला तर मासेवाली आपणहून म्हणे, "हा तुमच्यातला नाही, बाई." शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका भिजत पडत, संध्याकाळी त्यांचे सरबत होई आणि त्यावर बाबा शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याचा, आशीर्वाद म्हणत. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. नारळाचे तेल नसेल तर आई सरकीचे वापरी. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली मेझुझा, म्हणजे आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली लहान डबी होती. येता-जाता आम्ही तिला बोटे लावून ओठांना लावत असू. दवाखान्याचे परिचर गवईकाका सुरुवातीला तिला ताईत समजत.

गवईकाका आमचे सर्वांत जवळचे माणूस. ते बौद्ध होते. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या घरी भिंतीवर काहीच नाही. त्यांना याचे नवल वाटे. शनिवारी बाबा सायकलला हात लावत नसत, काडी ओढत नसत. एखाद्या शेतकऱ्याची गाय अडली असली तर शनिवारीही जात, पण चालत जात, मग गाव तीन कोस का असेना. गवईकाका औषधांची पेटी घेऊन बरोबर चालत आणि कुरकुरत. "साहेब, गायीले कसं समजाचं का आज शनवार हाये म्हनून?" बाबा हसत. म्हणत, "गाईला समजायला नको, गवई. मला समजलं की झालं."

आता त्या सुरीविषयी सांगतो. आमच्या शास्त्राप्रमाणे कोंबडी असो वा बकरा, कापणाऱ्या पात्यावर केसाएवढीही खाच असता कामा नये. खाच असली तर ती मांसाला ओढ देते, जिवाला वेदना होते, आणि ते मांस तरेफ, म्हणजे निषिद्ध ठरते. म्हणून कापण्याआधी पात्याची परीक्षा करायची: धारेवरून सावकाश नख फिरवायचे, मग बोटाचे पेर, जाताना एकदा, येताना एकदा, धार आणि तिच्या दोन्ही बाजू, अशा तिन्ही बाजूंनी. आणि कापून झाल्यावर पुन्हा तेच. कोकणात असताना बाबा हे एका म्हाताऱ्या हज्जानाकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, शिकले होते आणि त्यांना त्याची परवानगी होती. त्यांनी कापलेली कोंबडी मी किती वेळा पाहिली असेन! एक आशीर्वाद, एक हालचाल, आणि मग सांडलेल्या रक्तावर मूठभर राख टाकून आणखी एक आशीर्वाद. दिवसभर जनावरांची दुखणी काढणारा माणूस सुरी हातात घेताना इतका हळू का होई, हे तेव्हा मला कळत नसे.

मी चौदा वर्षांचा असताना बाबांच्या दोन्ही हातांची बोटे बधिर होत गेली. साखरेचा आजार होता. चहाचा गरम कप त्यांनी धरला की आई दचके, कारण त्यांना चटका कळत नसे. एका शुक्रवारी त्यांनी पात्यावरून नख फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले आणि सुरी खाली ठेवली.

"मला काही लागत नाही," ते म्हणाले. "खाच असली तरी लागायची नाही."

आई म्हणाली, "मग राहू द्या. डाळ करते."

"नाही. याला बोलाव." ते माझ्याकडे बघत होते. "तू आता तेरा ओलांडलेस. नियमाला तू मोठा आहेस. हात धू आणि इकडे ये."

त्या दिवशी त्यांनी मला शिकवले. माझे बोट आपल्या बोटात धरून धारेवरून नेले. म्हणाले, "घाई करू नकोस. नख ऐकतं. तू फक्त गप्प राहा." मला एक बारीक खाच लागली आणि मी ओरडलो. बाबांचा चेहरा असा उजळला की आजही तो आठवला की माझी मान खाली जाते. त्यानंतर दर शुक्रवारी बाबा धार लावत, मी परीक्षा करी, आणि मी म्हटल्याखेरीज ते कोंबडीला हात लावत नसत. खाच सापडली की पुन्हा दगड, पुन्हा नख. कधी तासभर जाई. बाबांची घाई कधी नसे. घाई मला असे.

गवईकाकांचा मुलगा सिद्धू माझ्याच वर्गात होता. शुक्रवारी मलकापूरला सिनेमाचा दुपारचा खेळ लागे, आणि मोताळ्याहून जीप सुटे ती चालकाच्या मर्जीने. त्या शुक्रवारी मी चौथ्यांदा नख फिरवत होतो आणि सिद्धू कुंपणाबाहेर सायकलवर एक पाय टेकून उभा होता.

"काय बे, झालं का नाही? जीप भरून राह्यली न."

"थांब ना थोडा."

"थांब काय? एका कोंबडीपाई तुह्या घरी तलवार बनवून राह्यले काय?" मग बाबांनी ऐकले हे लक्षात येऊन, आवाज खाली आणून, "नमस्कार साहेब."

बाबा हसले. मी नख फिरवले. पात्याच्या मध्याच्या जरा पुढे ते अडखळले. अगदी बारीक. केसाएवढीच. बाबांनी विचारले, "कशी आहे?" आणि मी म्हणालो, "साफ आहे."

एवढेच. मी उद्धट नव्हतो, धर्माविरुद्ध बंड करण्याइतका मला विचारही नव्हता. मला फक्त जीप पकडायची होती. बाबांनी आशीर्वाद म्हटला, कापले, आणि सुरी पुन्हा माझ्यापुढे धरली. तेव्हाही मी तेच म्हणालो, आणि पळालो. चित्रपट कोणता होता ते मला आठवत नाही. संध्याकाळी दिवा लागला, सरबतावर आशीर्वाद झाला, आईने माझ्या पानात मोठा तुकडा वाढला, आणि मी तो खाल्ला. चव नेहमीसारखीच होती. मला वाटते, मला खरे बिघडवले ते त्या नेहमीसारख्या चवीने.

कारण पुढच्या शुक्रवारी ते आणखी सोपे झाले. काही दिवसांनी मी नख फिरवण्याचे केवळ नाटक करू लागलो. बाबांची नजर माझ्या चेहऱ्यावर असे, बोटावर नसे, म्हणून मी चेहरा गंभीर ठेवायला शिकलो. कधी सवयीने खरेच तपासत असे, खाच लागत असे, आणि तरी मी तेच दोन शब्द म्हणत असे, कारण आता खरे सांगितले तर मागचे विचारले जाईल अशी भीती होती. दोन वर्षे. दर शुक्रवारी, आणि सणावारी वेगळे. ज्या माणसाने शनिवारी तीन कोस चालून गायी सोडवल्या, पण सायकलला हात लावला नाही, त्या माणसाच्या ताटात मी दोन वर्षे निषिद्ध अन्न वाढत होतो, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून, आशीर्वाद म्हणून ते खात होते.

मी सतरा वर्षांचा असताना नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नवीन वर्षाला, मुंबईहून मामा आले. मामा तिथल्या एका मशिदीत हज्जान होते. आम्ही आमच्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणतो. त्यांच्या पिशवीतून नारळ निघाले, हलव्यासाठी गव्हाचा चीक निघाला, घरात हसणे-बोलणे झाले. सणाच्या आदल्या दिवशी बाबांनी मानाने सुरी त्यांच्यापुढे ठेवली. "आज तुम्ही कापा. आमच्या मोताळ्यातही सगळं रीतीनं होतं, बघा."

मामांनी सुरीभोवतीचे फडके सोडले आणि सहज नख फिरवले. मग थांबले. पुन्हा फिरवले. दुसऱ्या बाजूने फिरवले.

"भाऊजी, ही कोण तपासतं?"

मी कोंबडीचे पाय धरून उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. एखादे जनावर वाचेल की नाही हे बघताना ते पाहत, तसे.

"मीच," बाबा म्हणाले.

"तुमच्या बोटांना कळत नाही असं ताईनं लिहिलं होतं मला."

"कळत नाही. तरी मीच तपासत होतो. माझी चूक."

"तीन खाचा आहेत. ही मधली तर नखात अडकते. कधीपासूनच्या आहेत?"

बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित मी बोललो असतो, असे मी स्वतःला कित्येक वर्षे सांगत आलो. ते खरे नसावे. या प्रश्नाचे उत्तर त्या अंगणात एकट्या मला ठाऊक होते, आणि मी कोंबडीचे पाय आणखी घट्ट धरले.

कधीपासून, हे माहीत नसल्याने बाबांनी सगळेच धरले. आमच्या नियमाप्रमाणे तरेफ शिजलेले मातीचे भांडे शुद्ध होत नाही. ते फोडावे लागते. सणाच्या आदल्या दुपारी आईने आपली सगळी मडकी अंगणात आणून एकेक करून फोडली. त्यांत तिच्या सासूबाईंनी कोकणातून पाठवलेले, नारळाच्या रसासाठी ठेवलेले काळे मडकेही होते. तांब्या-पितळेची भांडी मोठ्या पातेल्यात उकळली. तवा लाल होईपर्यंत चुलीवर ठेवला. फुटणाऱ्या मडक्यांचा आवाज ऐकून शेजारच्या बाया डोक्यावर पदर घेऊन धावत आल्या. मडके फुटते ते घरात माणूस गेल्यावर, एवढेच त्यांना माहीत.

"कोन गेलं हो, बाई?" पहिली म्हणाली.

आई घामाने भिजली होती. "कोणी नाही. आमचा सण आहे."

"असा कसा हो सन तुमचा?" ती म्हणाली, आणि काही न समजून परत गेली. गवईकाका मात्र थांबले. त्यांनी चुलीसाठी लाकडे फोडून दिली, खापरे टोपलीत भरली. कोणालाही काही विचारले नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "साहेबायले सांभाळ बरं, बाळा. त्यायचा चेहरा बरा नाही दिसून राह्यला." तो हात मला सहन झाला नाही.

त्या सणाला आम्ही डाळ-भात खाल्ला. मामा तिसऱ्या दिवशी परत गेले. बाबांनी पुन्हा सुरी हातात घेतली नाही आणि आमच्या घरात पुन्हा मांस शिजले नाही. ते सोमवारी आणि गुरुवारी उपास करू लागले. साखरेच्या आजारात उपास म्हणजे काय, हे जनावरांवर का होईना औषधोपचार करणाऱ्या माणसाला कळत नव्हते असे नाही. आई चिडे, रडे, जेवणाचे ताट घेऊन उभी राही. बाबा म्हणत, "किती दिवसांचं आहे ते कळलं असतं, तर तेवढंच फेडलं असतं." हे ते आईला सांगत. मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असे.

नव्या वर्षानंतर दहाव्या दिवशी किप्पूर येतो. आमच्या लोकांत त्याला दरफाळणीचा सण म्हणतात. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर अन्नपाणी नाही, बाहेरच्या कोणाशी बोलणे नाही, आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. पण देव त्या दिवशी फक्त देवाच्या अपराधांची क्षमा करतो. माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाकडे आधी जावे लागते. त्याने माफ केल्याशिवाय वरचे दार उघडत नाही. म्हणून सण लागण्याआधी घरातली माणसे एकमेकांची क्षमा मागतात.

त्या वर्षी सण लागायच्या संध्याकाळी उपासाआधीचे जेवण झाले होते. आई दिव्यात तेल घालत होती. बाबा पांढरा सदरा घालून दाराशी आले, आणि मला तिथे बोलावले.

"माझं तुझ्याकडे काही आहे," ते म्हणाले. "तुझ्या नखावर मी माझा सगळा धर्म ठेवला. एवढं ओझं पोरावर ठेवायचं नसतं. मी ठेवलं. मला माफ कर."

आणि ते थांबले. रीत अशी आहे की एकाने मागितली की दुसराही मागतो. त्या थांबण्यात त्यांनी माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. मला फक्त आत पाऊल टाकायचे होते. त्यांना सगळे ठाऊक होते, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळले. आणि ते मला पकडत नव्हते, सोडवत होते, हेही कळले. त्यांना हवी होती फक्त एक तारीख, आणि माझे एक वाक्य.

"असं काय बोलता, बाबा," मी म्हणालो. "काहीच नाही."

ते आणखी थोडे थांबले. "बरं," म्हणाले. मग हातबोशीसाठी दोन्ही हात पुढे केले. आमच्यात प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातात घेऊन बोटे ओठांना लावतात, ती ही रीत. मी त्यांचे हात घेतले. त्यांना माझा स्पर्श कळत नव्हता, कुठे धरले आहे ते बघूनच ठरवत होते. मग त्यांनी दार लावून घेतले.

पुढल्या वर्षी तो सण यायच्या आतच बाबा गेले. दवाखान्यात एका बैलाला सुई देताना खाली बसले ते उठले नाहीत. आमच्यात माणसाला त्याच दिवशी पुरतात. मुंबईहून कोणी पोहोचणे शक्य नव्हते. गवईकाकांनी आपल्या शेताचा नाल्याकडचा कोपरा दिला. त्यांनी, सिद्धूने आणि मी खड्डा खणला. मृताची प्रार्थना, कद्दिश, म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. मी एकटा होतो. ती म्हटली गेली नाही.

नंतरचे आयुष्य मी चिखलीला शाळेत शिकवण्यात घालवले. मांस कधी खाल्ले नाही. लोक मला शाकाहारी समजतात आणि त्याबद्दल चांगले बोलतात, तेव्हा मी विषय बदलतो. मामा इस्राएलला जायला निघाले, आईही त्यांच्याबरोबर निघाली, तेव्हा मी प्रथमच मामांपाशी सगळे बोललो. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतो. मामा फार म्हातारे झाले होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"ज्याचा अपराध केला तो गेला असेल तर त्यालाही नियम आहे," ते म्हणाले. "दहा माणसं घेऊन कबरीवर जायचं. अपराध नाव घेऊन सांगायचा. मग त्या दहांनी तीन वेळा म्हणायचं, तुला माफ आहे."

"दहा यहुदी?"

"दुसरे कुठले?" मामा म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आले की आपण काय सांगत आहोत. मोताळ्याला दहा यहुदी!

मी प्रयत्न केला. दोनदा मुंबईला जाऊन प्रार्थनेनंतर लोकांपुढे हात जोडले. माणसे सज्जन होती. बहुतेक म्हातारी, कारण तरुण केव्हाच गेले. एकदा दहा जणांनी येतो म्हटले. ठरलेल्या सकाळी मी दोन जीपा सांगून मलकापूर स्टेशनवर उभा होतो. एक गृहस्थ उतरले, काठी टेकत. बाकीच्यांची गुडघ्यांची, रक्तदाबाची, लग्नकार्याची कारणे त्यांनी माझ्या हाती दिली. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि परतीच्या गाडीची वाट पाहिली. त्यानंतर मी कोणाला विचारले नाही. आता विचारायचे म्हटले तरी त्यांतले किती उरले असतील, मला माहीत नाही.

गेल्या किप्पूरच्या आदल्या दिवशी मी बाबांच्या कबरीपाशी, गवईकाकांच्या शेतावर गेलो होतो. गवईकाकाही आता नाहीत. सोयाबीन काढणीला आलेले, सिद्धू बांधावर बसलेला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले, जीपपासून सगळे.

"म्हंजे म्या बोलावलं म्हनून," तो म्हणाला.

"नाही. मी आलो म्हणून."

"मंग दहा मानसं पाह्यजेत नं? त्याच्यापाई मुंबईले काऊन हात जोडून राह्यला? घडीभरात आनतो."

"यहुदी लागतात, सिद्धू. नियमात बाकीचे मोजत नाहीत."

सिद्धू मोठ्याने हसला. "आमाले न मोजनारे लय नियम पाह्यले बे आमी. त्याच्यात हा एक!" आणि मी काही म्हणायच्या आत तो उठून गेला.

ती माणसे खरेच आली. सिद्धूचे दोन भाऊ, मुलगा, पुतणे, शेजारच्या शेतातले तिघे. सोयाबीन सोंगता सोंगता विळे बांधावर ठेवून आली. सिद्धूने त्यांना काय सांगितले होते कोण जाणे. सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले होते. मी त्यांना परत पाठवू शकलो नाही. कबरीकडे तोंड करून मी म्हणालो की इस्राएलच्या परमेश्वराचा आणि इथे निजलेल्या माझ्या वडिलांचा मी अपराध केला आहे. कोणता, ते सांगितले. कधीपासून, तेही सांगितले: मी पंधरा वर्षांचा होतो, पावसाळा नुकताच संपला होता, बाबा, त्या शुक्रवारपासून. ते सांगताना माझा आवाज कापला नाही. इतक्या उशिरा दिलेल्या उत्तराला आवाज कापण्याचाही हक्क उरत नसावा.

त्यांतल्या एका वयस्क माणसाने घसा साफ केला. "मास्तर, आता आमी काय म्हनाचं?"

ते तीन शब्द मला येत होते. मी सांगितले असते तर त्या दहा जणांनी ते मनापासून, तीनदा म्हटले असते, आणि त्यांच्याइतक्या मायेने मला कोणी माफ केले नसते. पण ते चालत नाही हे मला ठाऊक होते. बाबांच्या कबरीपुढे, चालत नाही ते चालते असे मी पुन्हा एकदा म्हणू शकलो नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

सिद्धू जवळ आला. "झालं का?" त्याने हळूच विचारले.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. माणसे एकेक करून डोक्यावरचे रुमाल सोडू लागली.